सॉना: आधी खोली मोजा, मग हीटर बघा
घर बांधताना : भाग ९

मागच्या भागात बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगचा हिशोब झाला. या आठवड्याचा विषय जरा चैनीचा आहे, पण पुण्या-नाशिकच्या नव्या बंगल्यांच्या नकाशांत तो हल्ली दिसू लागला आहे, म्हणून घेतला. घरातला सॉना, म्हणजे तापल्या दगडांच्या उष्णतेत घाम काढत बसायची लाकडी खोली.

सॉना म्हटलं की माणसं पहिल्यांदा हीटरची किंमत विचारतात. दुकानदार ती सांगतो, माणूस ती बजेटमध्ये लिहितो आणि तिथेच हिशोब फसतो. हीटर हा या खर्चातला एक आकडा आहे, आणि तोही स्वतंत्र नाही. तो ठरतो खोलीच्या घनफळावर. घनफळावर हीटर, हीटरवर वायर, वायरवर मीटर आणि मीटरवर दर महिन्याचं बिल. म्हणून कॅटलॉग उघडण्याआधी मोजपट्टी काढावी.

ज्याने हा प्रकार जगाला दिला त्या फिनलंडकडे पाहा. लोकसंख्या साधारण पंचावन्न लाख आणि सॉना तीस लाखांच्या आसपास. २०२० साली युनेस्कोने तिथल्या सॉना संस्कृतीला आपल्या वारसा यादीत घेतलं. पण तिथल्या फ्लॅटमधला सॉना बघायला गेलात तर न्हाणीघराला लागून असलेली एवढीशी खोली दिसते. दोन-तीन माणसं दाटीवाटीने बसतील इतकी. जुन्या इमारतींत तर तेवढंही नसतं. सगळ्या बिऱ्हाडांसाठी एक सामाईक सॉना आणि प्रत्येकाची आठवड्याची ठरलेली वेळ. आपण मात्र बंगल्यात सॉना करायचा म्हटलं की पाहुण्यांसकट दहा जण बसतील अशी खोली आखतो. शिवाय दर्शनी बाजूला पूर्ण काच हवी, कारण फोटोत तशी असते.

त्या काचेची किंमत काढू. ढोबळ नियम असा की चांगलं इन्सुलेशन असलेल्या खोलीत साधारण ४५ घनफुटांना एक किलोवॉट लागतो. काच, उघडी वीट किंवा टाइल उष्णता ओढून घेते, म्हणून तिच्या दर चौरस फुटामागे हिशोबात चार घनफूट वाढवायचे. आता ७ फूट बाय ६ फूट, उंची ७ फूट अशी खोली घ्या. घनफळ २९४, साडेसहा किलोवॉटमध्ये भागतं. सात फुटांची एक भिंत पूर्ण काचेची केली की ४९ चौरस फूट काच, म्हणजे १९६ घनफूट वाढले. एकूण ४९०, हीटर जवळपास अकरा किलोवॉटचा. खोली इंचभरही वाढली नाही, फक्त बाहेरून आतलं दिसायला लागलं.

याउलट ५ बाय ४ ची, सात फूट उंचीची खोली, लाकडी दार आणि त्यात पाच चौरस फुटांची काच. १४० अधिक २०, एकशे साठ. बाजारात मिळणारा साडेचार किलोवॉटचा हीटर तिथे आरामात पुरतो. दोन माणसं वर बसतात, घरात बहुतेक वेळा तेवढीच बसणार असतात.

खरा फरक पडतो तो विजेत. साडेचार किलोवॉटचा हीटर २३० व्होल्टवर वीसेक अँपिअर ओढतो. त्याला मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन, स्वतःचा एमसीबी, आरसीसीबी आणि नीट अर्थिंग हवं, पण सिंगल फेजवर तो चालू शकतो. काचेच्या खोलीसाठी बाजारातला साडेदहा किलोवॉटचा हीटर घेतला, तर तो सिंगल फेजवर पंचेचाळीस अँपिअर मागेल. तो थ्री फेजलाच जोडायचा. म्हणजे महावितरणकडे मंजूर भार वाढवण्याचा अर्ज, नवा मीटर, जाड केबल, आणि थ्री फेजचा जास्तीचा स्थिर आकार, जो सॉना महिनाभर बंद ठेवला तरी भरावा लागतो. ज्यांच्याकडे आधीपासून थ्री फेज आहे त्यांचा एवढा भाग सुटतो.

आता रोजच्या वापराचं बघू. खोली तापायला चाळीस मिनिटं धरा, मग तासभर हीटर थर्मोस्टॅटवर चालू-बंद होत साधारण निम्मी वीज घेतो. साडेदहा किलोवॉटला एका बैठकीत बारा युनिट, साडेचारला पाच-सव्वापाच. आठवड्यातून तीनदा बसलात तर महिन्याला दीडशेच्या वर एकीकडे, पासष्ट-सत्तर दुसरीकडे. आणि हे युनिट तुमच्या बिलाच्या सरासरी दराने मोजू नका. घरगुती दर टप्प्यांनी चढतो : शंभरपर्यंत एक, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा. घराचा वापर आधीच २८० असेल तर सॉनाचे पहिले वीस युनिट सोडून बाकी सगळे तिसऱ्या टप्प्यात पडतात, वर वहन आकार आणि वीज शुल्क. समजा सगळं धरून युनिटला पंधरा रुपये पडले, तर मोठ्या सॉनाचे महिन्याला सव्वादोन हजारांच्या पुढे गेले.

सुतारकामाबद्दल थोडं सविस्तर, कारण काटकसरीचे सल्ले तिथेच भरपूर मिळतात. आपला सुतार सवयीने प्लाय ठोकून त्यावर व्हीनियर लावेल, वरून पॉलिश मारेल. ऐंशी-नव्वद अंशांत प्लायमधला गोंद आणि पॉलिश वास सोडतात, आणि तो वास आपण दार लावून हुंगत बसतो. आत प्लाय नको, लॅमिनेट नको, बसायच्या फळीवर वॉर्निश तर नकोच. सागवानाचा मोहही आवरावा. जड लाकूड अंगाला चटका देतं. म्हणून बाकांना अ‍ॅस्पन किंवा आल्डरसारखं हलकं, बिनराळेचं लाकूड वापरतात. ते बाहेरून येतं आणि महाग पडतं, हे मान्य. मग निदान बाकांना ते लावा आणि खोली लहान ठेवा. लाकडाच्या मागे अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि त्यामागे रॉकवूल. थर्मोकोल या उष्णतेला टिकत नाही. जमिनीला साधी टाइल चालते. दार बाहेर उघडणारं, कडीशिवाय. हीटरजवळ खालून हवा आत येण्याची आणि समोरच्या बाजूने बाहेर जाण्याची वाट ठेवायला विसरू नका, नाहीतर पावसाळ्यात लाकूड काळं पडेल.

फ्लॅटवाल्यांसाठी इन्फ्रारेड केबिनचा पर्याय आहे. दीड-दोन किलोवॉट, सोळा अँपिअरचा सॉकेट, भिंत फोडायची नाही. खर्च खूपच कमी. मात्र तापमान पन्नास-साठ अंशांच्या आसपास, आणि तापल्या दगडांवर पाणी शिंपडून येणारी वाफ त्यात नाही. ती वाफ हवी म्हणून सॉना घेणाऱ्याने केबिन घेऊ नये. आपल्याला नेमकं काय हवं आहे हे कळत नसेल तर महिना-दोन महिने एखाद्या क्लबाच्या सॉनात जाऊन यावं. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी त्याआधी डॉक्टरांकडे.

कोटेशन घेताना हीटर, दगड, कंट्रोल पॅनल, लाकूड, इन्सुलेशन, वायरिंग, जीएसटी आणि वाहतूक वेगवेगळं लिहून मागा. ‘सर्वसमावेशक’ म्हणून एकच आकडा देणारा बहुधा मीटरपर्यंतची केबल धरत नाही. दगड वर्षातून एकदा काढून, फुटके टाकून पुन्हा रचावे लागतात, ती रक्कम लहान असली तरी वहीत असू द्या. आणि ठेकेदाराचा शेवटचा हप्ता द्यायच्या आधी हीटर दीड-दोन तास पूर्ण चालवून बघा : वरच्या बाकापाशी थर्मामीटर किती दाखवतो, एमसीबी पडतो का, बाहेरची भिंत हाताला तापलेली लागते का. तापलेली लागली तर आतलं रॉकवूल कुठेतरी राहिलं आहे. ते उघडून दाखवेपर्यंत पैसे थांबवा.