स्पोर्ट्स कारसाठी लोअरिंग स्प्रिंग व शॉक अब्सॉर्बरची निवड : उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना : उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही शहरे कल्याण–बदलापूर रस्त्याने जोडलेली आहेत. गतिरोधक व पावसाळी खड्डे असलेल्या नागरी रस्त्यांवर स्पोर्ट्स कार किती खाली आणावी, हा प्रश्न केवळ सौंदर्यदृष्टीचा नसून सुरक्षिततेचा आहे.

विवेचन : मोटार खाली आणल्याने गुरुत्वमध्य खाली येऊन वळणावरील कल घटतो, मात्र स्प्रिंगला दबण्यासाठी उपलब्ध असलेले अंतरही कमी होते. हे अंतर ८० मि.मी.वरून ५० मि.मी.वर आल्यास तीच ऊर्जा शोषण्यासाठी ताठरता सुमारे २.५६ पट हवी, कारण साठणारी ऊर्जा दाबल्या गेलेल्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. परिणामी कंपनाची वारंवारता १.६ पट होते व शॉक अब्सॉर्बरचे अवमंदनही तितकेच वाढवावे लागते. मूळ शॉक अब्सॉर्बर कायम ठेवल्यास गाडी हेलकावत राहते आणि टायरची पकड अस्थिर होते.

भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकातील ३.७ मी. रुंद व १० सें.मी. उंच गोलाकार गतिरोधक २.५ मी. अंतरावरील पुढील-मागील चाकांच्या मध्ये सुमारे ४६ मि.मी. वर येतो. तितकाच उंच पण अरुंद गतिरोधक मात्र पूर्ण १०० मि.मी. वर येतो. त्यामुळे १३० मि.मी.वरून १०० मि.मी.वर आणलेल्या गाडीचा तळ त्यास घासतो.

निष्कर्ष : मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांस प्रतिबंध करते. यास्तव सार्वजनिक रस्त्यासाठी मूळ उंची राखून, परस्परांस अनुरूप अशी स्प्रिंग व शॉक अब्सॉर्बरची जोडीच निवडणे इष्ट ठरते.