लहान खेळाडूंना लहान खेळपट्टी

मे महिन्याची सुट्टी लागली की गावोगावी क्रिकेटची शिबिरे भरतात. दहा वर्षांचा मुलगा पांढरे कपडे घालून निघाला की घरच्यांना कौतुक वाटते. पण त्याला खेळायला मिळते ती खेळपट्टी मोठ्या माणसांची, २२ यार्ड म्हणजे सुमारे २० मीटर लांबीची असते. चौथीतल्या मुलाला वडिलांचे बूट घालून पळायला आपण सांगत नाही. मग इथेच असे का?

एवढ्या लांब चेंडू वेगाने टाकायचा तर लहान मुलाला सारे अंग झोकून द्यावे लागते. कंबर मागे वाकते, बाजूला झुकते आणि पिळलीही जाते. वाढत्या वयात मणक्याची हाडे पुरती पक्की झालेली नसतात. असा ताण वारंवार पडल्यास कमरेच्या मणक्याच्या मागील भागाला बारीक तडा जाऊ शकतो. उजव्या हाताने गोलंदाजी करणाऱ्याला बहुधा डाव्या बाजूस दुखते. सुरुवातीला साध्या एक्स-रेत हा तडा दिसेलच असे नाही. वेळीच ओळखल्यास काही महिन्यांच्या विश्रांतीने तो बहुधा भरून येतो. 'मुलगा आळस करतो' म्हणून बाम चोळून पुन्हा मैदानावर धाडले, तर मात्र दुखणे कायमचे मागे लागू शकते.

ऑस्ट्रेलियात २०१७ च्या सुमारास मुलांच्या क्रिकेटचे नियम बदलण्यात आले. सर्वांत लहान गटासाठी १६ मीटरची खेळपट्टी आणि संघात ७ खेळाडू, त्यापुढील गटासाठी १८ मीटर आणि ९ खेळाडू. अंतर कमी झाल्याने वाइड चेंडू घटतात, फलंदाजाला मारण्याजोगे चेंडू मिळतात. खेळाडू कमी असल्याने प्रत्येकाच्या वाट्याला फलंदाजी आणि गोलंदाजी येते. नाहीतर निम्मी मुले उन्हात नुसती उभी असतात.

चेंडूचेही तसेच आहे. मोठ्यांचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो. १३ वर्षांखालील मुलांसाठी क्रिकेटच्या नियमांतच १३३ ते १४४ ग्रॅमचा चेंडू सांगितला आहे.

पालकांनी आणि शिबिरे भरवणाऱ्यांनी एवढे पाळावे :

१) लहान मुलांसाठी स्टंप चार मीटर पुढे रोवावेत. याला पैसा लागत नाही.

२) तेरा वर्षांखालील वेगवान गोलंदाजाला एका दमात ५ आणि दिवसात १० पेक्षा जास्त षटके देऊ नयेत. इंग्लंडमध्ये अनेक वर्षे हीच मर्यादा सांगितली जात असे. नेटमधली षटकेही यात मोजावीत.

३) थोरल्या भावाची बॅट धाकट्याच्या हाती देऊ नये.

४) गोलंदाजी करताना कंबर दुखू लागली तर गोलंदाजी त्याच दिवशी थांबवावी. दुखणे दोन आठवडे टिकले, तर एक्स-रे चांगला असला तरी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. गरज वाटल्यास ते एमआरआय करण्यास सांगतील.

वेदनाशामक गोळी देऊन अंतिम सामना खेळवणे हा शुद्ध अविचार होय. चषक पुढच्या वर्षीही येतो. मुलाचा मणका मात्र त्याला जन्मभर पुरवायचा असतो.