गुलमर्गच्या बर्फातील रसनातृप्ती

सुमारे २,६५० मीटर उंचीवरील गुलमर्गला स्कीइंगसाठी जाणारा पर्यटक उबदार कपड्यांची चिंता वाहतो. आहाराचा विचार मात्र क्वचितच करतो. वास्तविक थंडीत तहान फारशी जाणवत नाही, पण कोरड्या हवेत श्वासावाटे शरीरातील पाणी सतत घटत असते. डोकेदुखी व थकवा सुरू झाला, की सहलीचा एक महागडा दिवस खोलीतच सरतो. मद्याने ऊब येते हाही भ्रमच. त्याने शरीराची उष्णता उलट अधिक वेगाने निघून जाते.

त्यापेक्षा केशर, वेलची व बदाम घातलेला कहवा कितीतरी सुखद! गुलाबी, खारट नून चाय पहिल्या घोटाला परकी वाटते; दुसऱ्या दिवशी तिची ओढ लागते. श्रीनगरच्या जुन्या शहरात हिवाळ्याच्या पहाटे मिळणारा हरिसा, म्हणजे रात्रभर मंद आचेवर शिजवून घोटलेले मटण, वर कडकडीत तेल आणि सोबत गरम रोटी, हा तर मांसाहारींचा सोहळाच. शाकाहारींसाठी हाक आणि कमळकाकडीची, अर्थात नदरूची यखनी आहे.

दुपारी पुन्हा उतारावर जायचे असल्यास राजमा-भात बेतानेच घ्यावा. या उंचीवर पाणी सुमारे ९१ अंशांनाच उकळत असल्याने राजमा शिजण्यास वेळ लागतो. तेव्हा आचाऱ्याला घाई करू नये.