‘कळले ना?’ एवढे विचारून भागत नाही!

गोष्ट सुमारे वीस वर्षांपूर्वीची. एका कारखान्यात नव्याने भरती झालेल्या मुलांना मोजमापाची हत्यारे वापरायला शिकवण्याचे काम माझ्याकडे होते. मागणी मोठी, मुदत थोडी आणि मुले आठ. दोन तासांत त्यांना व्हर्नियर कॅलिपर शिकवायचा आणि लगेच तपासणीच्या टेबलावर बसवायचे, असा साहेबांचा हुकूम होता. मी फळ्यावर सुबक आकृती काढली. मुख्य पट्टी, सरकती पट्टी, लघुतम माप, सूत्र, सारे घडाघडा सांगून टाकले आणि शेवटी विचारले, “कळले ना?” आठही माना हलल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांतल्या एका मुलाने चांगले तुकडे नापास केले आणि वाईट तुकडे पास केले. साताऱ्याकडचा, अबोल मुलगा. दोनदा रागावलो, तिसऱ्यांदा अहवालात लिहिले, “आकलन कमी.” आठवड्याच्या आत त्याला घरी पाठवण्यात आले.

पुढच्या तुकडीत पुन्हा एक मुलगा तसाच चुकू लागला, तेव्हा मात्र मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. पाहतो तो काय, सूत्र त्याला तोंडपाठ! पण जबडे तो नको इतके आवळत होता आणि रेघ तिरप्या नजरेने वाचत होता. या दोन गोष्टी मी वर्गात सांगितल्याच नव्हत्या. मग पहिला मुलगाही कशावरून असेच करत नव्हता? मी त्याला मोजताना पाहिलेच कुठे होते!

मला जे इतक्या उशिरा उमगले, ते अमेरिकेतल्या काही माणसांनी १९४० सालीच पद्धतशीर मांडून ठेवले होते. युरोपात दुसरे महायुद्ध पेटले होते. कारखान्यांकडे कामाचा पूर लोटला होता. पण जाणते कारागीर मोजकेच. दारात उभी होती ती ज्यांनी यंत्र कधी पाहिलेही नाही अशी माणसे. वर्षानुवर्षे उमेदवारी करायला सवड कोणाला होती? तेव्हा सरकारने ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाची योजना काढली. नव्या माणसाला थेट शिकवण्याऐवजी तिने आधी मुकादमांना शिकवायचे कसे ते शिकवले. दहा-दहा जणांचा वर्ग, दोन-दोन तासांच्या फक्त पाच बैठका. १९४५ साली योजना आटोपली, तोवर साडेसोळा हजारांवर कारखान्यांत मिळून सतरा लाखांहून अधिक माणसांनी तिच्या निरनिराळ्या वर्गांची प्रमाणपत्रे घेतली होती.

पहिल्याच बैठकीत शिक्षक एक गंमत करून दाखवी. दिव्याच्या वायरीला होल्डरच्या आत एक गाठ मारतात. वायर ओढली गेली तर ताण गाठीवर यावा, स्क्रूवर येऊ नये, म्हणून. शिक्षक ही गाठ आधी नुसत्या शब्दांनी समजावून सांगे. शिकणाऱ्याला ती जमत नसे. मग दुसऱ्या वेळी तो न बोलता ती मारून दाखवी. तरीही जमत नसे. समोर बसून पाहिले की डावे-उजवे उलटे दिसते आणि बोटांनी नेमके काय केले ते निसटते. नुसते सांगणे फसले, नुसते दाखवणेही फसले. मग तो चार पायऱ्यांनी शिकवी.

पहिली पायरी तयारीची. नवख्याची भीती घालवायची, त्याला आधी काय येते ते विचारायचे, हे काम कशासाठी आहे ते सांगायचे आणि हात नीट दिसतील अशा जागी त्याला उभे करायचे. दुसरी पायरी दाखवण्याची. कामाचा एकेक टप्पा करून दाखवायचा आणि त्या टप्प्याची मेख कारणासकट सांगायची. पचेल त्याहून जास्त एका वेळी वाढायचे नाही. तिसरी पायरी करून घेण्याची. शिकणाऱ्याने स्वतः काम करायचे आणि करता करता मेख व तिचे कारण आपल्या तोंडाने सांगायचे. आपली खात्री पटेपर्यंत हे चालू ठेवायचे. चौथी पायरी पाठपुराव्याची. त्याला स्वतंत्र काम द्यायचे, अडल्यास कोणाकडे जायचे ते नाव घेऊन सांगायचे, आधी वरचेवर आणि मग कमी कमी वेळा डोकवायचे.

मुकादमाच्या खिशात या पायऱ्यांचे छोटे कार्ड असे. त्यावरच्या एका वाक्याचा मथितार्थ असा होता, की कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलेच नाही. ते वाचले तेव्हा मला माझा तो अहवाल आठवला.

आपल्या जुन्या शिक्षकांना यावरून हर्बार्टची पंचपदी आठवेल. तिच्याशी नाते सांगणारी ही चतुष्पदी पहिल्या महायुद्धात चार्ल्स अ‍ॅलन यांनी अमेरिकेतल्या जहाजबांधणीच्या कामगारांसाठी वापरली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर ती जपानात गेली आणि १९५० नंतरच्या काळात टोयोटासारख्या कारखान्यांत रुजली.

“एवढे सगळे करायला वेळ कुठून आणायचा?” असे कोणी विचारील. वेळ आपल्या बोलण्यातूनच काढायचा! पुढे त्याच दोन तासांत मी पंधरा मिनिटेच बोलू लागलो. मग मुलांच्या जोड्या लावायच्या. एकाने मोजायचे आणि मोजता मोजता बोलायचे, दुसऱ्याने मेखांची चिठ्ठी हाती धरून पाहायचे, मग अदलाबदल. मी टेबलाटेबलावरून फिरत असे. चाळीस जणांचा वर्ग असला तरी हे जमते. शिवाय दुसऱ्या दिवशी काम सुरू होण्यापूर्वी पाच मिनिटे, चिठ्ठी न पाहता, कालच्या मेखा त्यांच्याकडूनच वदवून घ्यायच्या.

या शेवटच्या गोष्टीला शास्त्राचा आधार आहे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थ्यांना एक उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला आणि काहींना तो न पाहता आठवायला लावला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवणारे पुढे निघाले. वर्ग संपताना सारे ‘कळले’ म्हणतात, त्यावर विसंबू नये ते यासाठीच.

ही पद्धत म्हणजे सर्व रोगांवरचे औषध नव्हे. रोग्याची पारख किंवा गिऱ्हाइकाची नाडी दहा तासांत कोणी शिकत नाही. पण हाताने करायचे, ठरावीक क्रमाचे काम, मग ते यंत्रावरचे असो, बँकेच्या खिडकीवरचे असो की संगणकावरचे, या पायऱ्यांनी पक्के होते. आजकालच्या प्रशिक्षणात पडद्यावर शंभर चित्रे भराभर सरकवतात. माझा फळा होता, त्यांचा पडदा आहे, फरक एवढाच! शिकाऊ उमेदवारांचा कायदा आपल्याकडे १९६१ साली झाला. कायदा उमेदवाराला कारखान्याच्या दारापर्यंत आणून सोडतो. आत त्याच्या शेजारी कोण बसणार, हे आपणच ठरवायचे असते.

पडताळा पाहण्यासाठी कारखान्यातच जायला हवे असे नाही. फराळाचे दिवस आहेत. घरात कोणाला करंजीची मुरड शिकवायची असेल, तर समोर न बसवता शेजारी बसवा. कड नीट चिकटली नाही तर सारण तेलात उतरते, हे कारण सांगा. दोन करंज्या तुम्ही करा, पुढच्या दोन सुनेकडून किंवा मुलाकडून बोलत बोलत करून घ्या. आणि तरीही एखादी तळणीत उकललीच, तर “तुला जमायचे नाही” असे म्हणण्याआधी आपण काय सांगायचे राहिलो, ते जरा आठवून पाहा.