ब्रेकमध्ये विरणारं पेट्रोल

रात्री साडेदहाची वेळ. पुण्याचा कर्वे रस्ता बऱ्यापैकी मोकळा. ताशी ६० किलोमीटर वेगानं आलेली एक ऐटदार सेडान नळ स्टॉपच्या लाल सिग्नलपाशी अलगद थांबते. आत बसलेल्यांना काही जाणवत नाही. चाकांपाशी ब्रेकच्या तबकड्या मात्र तापलेल्या असतात. माणसांसकट १,६०० किलो वजनाच्या गाडीत या वेगाला सुमारे २२२ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. गाडी थांबेपर्यंत तिची जवळजवळ सगळी उष्णता होऊन हवेत जाते. एवढ्या उष्णतेत पाऊण लिटरच्या आसपास पाणी, म्हणजे चार-पाच कप चहाचं आधण, उकळायला येतं.

ही ऊर्जा टाकीतल्या पेट्रोलमधून आलेली. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो असं धरलं, तर तेवढा वेग घ्यायला २५ ते ३० मिलिलिटर पेट्रोल जळालेलं असतं. दोन मोठे चमचे भरून. सिग्नल सुटला, की पुन्हा दोन चमचे. पुढच्या सिग्नलला पुन्हा आधण.

हायब्रिड गाडीचं सगळं विज्ञान या वाया जाणाऱ्या ऊर्जेभोवती फिरतं. हायब्रिडला बाहेरून वीज लागत नाही, तिच्या टाकीत जाणारं इंधनही तेच. ती फक्त गळती थांबवते. म्हणूनच जिथं गळती सर्वांत मोठी, त्या जड आणि ताकदवान सेडानच्या जागी ती आली, तर फायदाही सर्वांत मोठा होतो.

मोठं इंजिन, छोटं काम

ब्रेक ही एक गळती झाली. दुसरी बॉनेटखाली आहे. ताशी ५० किलोमीटरच्या संथ वेगानं, सपाट रस्त्यावर अशी सेडान चालती ठेवायला, एसीचा भार सोडला तर, पाचेक अश्वशक्ती पुरते. इंजिन मात्र १८०-२०० अश्वशक्तीचं. पाटीभर वाळू उचलायला क्रेन लावावी, तसा हा प्रकार.

पेट्रोल इंजिनाकडून थोडकं काम घ्यायचं, तर हवा आत घेणारी झडप जवळजवळ मिटून ठेवावी लागते. त्या चिंचोळ्या फटीतून हवा ओढताना पिस्टनची शक्ती खर्ची पडते, आणि आतलं घर्षण काम कमी झालं म्हणून फारसं घटत नाही. परिणामी शहरातल्या गर्दीत, जिथं गाडी रोज रांगते, तिथंच मोठं इंजिन सर्वांत अकार्यक्षम असतं. सिग्नलला उभं असताना तर ते शून्य किलोमीटरसाठी पेट्रोल जाळतं.

उचियामादा यांचं कोडं

इंजिन आणि विजेची मोटार एकत्र जोडायची कल्पना जुनी आहे. फर्डिनांड पोर्शे यांनी १९०० सालच्या सुमारास तशी गाडी बनवली होती. पण दोन्हींचा मेळ क्षणोक्षणी घालणारी इलेक्ट्रॉनिक्स त्या काळी नव्हती. १९९० च्या दशकात टोयोटानं ताकेशी उचियामादा या अभियंत्याकडे एकविसाव्या शतकातली गाडी घडवण्याचं काम दिलं. सुरुवातीला दीडपट मायलेजचं लक्ष्य होतं. वरिष्ठांनी दुप्पट मागितलं. इंजिनात सुधारणा करून ते गाठणं शक्य नव्हतं, म्हणून हायब्रिडचा रस्ता धरावा लागला. पहिला नमुना तयार झाला आणि ४९ दिवस जागचा हललाच नाही. तरीही डिसेंबर १९९७ मध्ये 'प्रियस' जपानी बाजारात आली. त्याच महिन्यात क्योटोमध्ये हवामानविषयक करार झाला.

प्रियसच्या पोटात एक देखणी रचना आहे. मध्यभागी एक दंतचक्र, त्याला 'सूर्य' म्हणतात. त्याच्याभोवती फिरणारी छोटी चक्रं म्हणजे 'ग्रह' आणि सगळ्यांना कवेत घेणारं बाहेरचं कडं. सूर्याला एक विद्युत यंत्र जोडलेलं, ग्रहांच्या चौकटीला इंजिन, आणि कड्याला दुसरी मोटार व तिच्यामार्फत चाकं. इंजिनाची शक्ती इथं दोन वाटांनी जाते: काही थेट चाकांकडे, काही जनित्राकडे. पहिल्या यंत्राचा वेग कमी-जास्त केला, की गाडीचा वेग काहीही असो, इंजिन आपल्या सोयीच्या फेऱ्यांवर राहतं. त्यामुळे पायऱ्यापायऱ्यांचा गिअरबॉक्स लागत नाही, क्लचही लागत नाही.

सिग्नलवर इंजिन बंद होतं. निघताना आणि रांगताना बऱ्याचदा मोटारच गाडी ओढते. ब्रेक दाबला, की तीच मोटार जनित्र बनते, चाकांना मागे खेचते आणि वीज बॅटरीत साठवते. सगळी ऊर्जा परत मिळत नाही. वीज करताना, साठवताना आणि पुन्हा वापरताना थोडी थोडी गळतेच. तरी चहाच्या आधणातला मोठा वाटा वाचतो.

इंजिनही वेगळ्या धाटणीचं असतं. ब्रिटिश अभियंता जेम्स ॲटकिन्सन यांनी १८८२ साली असं इंजिन मांडलं, ज्यात जळालेल्या वायूला फुगायला जास्त वाव मिळतो आणि त्याच्या उष्णतेतून अधिक काम निघतं. आज तोच परिणाम झडपांची वेळ बदलून साधतात. अशा इंजिनाला पिकअप कमी असतो, म्हणून एकट्यानं ते फारसं चाललं नाही. हायब्रिडमध्ये ती उणीव मोटार भरून काढते. २०१५ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीच्या प्रियसमध्ये या इंजिनाची सर्वोच्च कार्यक्षमता ४० टक्क्यांवर पोचली.

घाट आणि महामार्ग

हायब्रिडची मर्यादाही भौतिकशास्त्रातूनच समजते. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे ५०० मीटर खाली येते. १,६०० किलोच्या गाडीसाठी ही दोन युनिटांहून थोडी जास्त ऊर्जा झाली. युनिट तेच, जे आपल्या वीजबिलावर छापलेलं असतं. हायब्रिड सेडानची बॅटरी साधारण एका युनिटाची, आणि आयुष्य वाढावं म्हणून ती कधी पूर्ण भरू देत नाहीत, कधी पूर्ण रितीही होऊ देत नाहीत. त्यामुळे हवेचा रोध आणि टायरचं घर्षण वजा करूनही बॅटरी घाट संपण्याआधीच भरते. पुढचा उतार इंजिनाच्या आणि साध्या ब्रेकच्या जोरावर उतरावा लागतो.

द्रुतगती मार्गावर एका लयीत ताशी १०० नं जाताना ब्रेक क्वचितच लागतो, म्हणजे परत मिळवण्यासारखं फारसं काही नसतं. तिथं फरक उरतो तो मुख्यतः चांगल्या इंजिनाचा. ज्याचं आयुष्य महामार्गावर जातं, त्याला हायब्रिडचा लाभ कमी. ज्याचं आयुष्य सिग्नलमागून सिग्नल सरतं, त्याला भरपूर.

आलिशान सेडानमधून येणाऱ्याला आणखी एक गोष्ट खटकू शकते. ॲक्सिलरेटर जोरात दाबला, की इंजिनाचा आवाज आधी चढतो आणि वेग मागून येतो. मात्र गर्दीतली शांतता, धक्क्याविना मिळणारा वेग आणि सिग्नलवरची निःशब्दता हे सुख मोठ्या सेडानलाही देता येत नाही.

किलोमीटर नको, लिटर मोजा

पुण्याच्या वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था आहे. १९६६ साली स्थापन झालेली. शोरूममध्ये ऐकू येणारं 'एआरएआय मायलेज' तिच्याच नावानं ओळखलं जातं. गाडी रोलरवर ठेवून, ठरलेल्या वेगपत्रकाप्रमाणे चालवून तो आकडा काढतात. दोन गाड्यांची तुलना करायला तो उपयोगी आहे; आपल्या रस्त्यावरचं ॲव्हरेज त्याहून कमी येतं.

पण लिटरला किती किलोमीटर, हे मापच आपल्याला फसवतं. ड्यूक विद्यापीठातल्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हा भ्रम दाखवून दिला. उदाहरण घेऊ. वर्षाला १२,००० किलोमीटर धावणारी एक सेडान शहरात लिटरला ८ किलोमीटर देते. तिच्या जागी १६ देणारी हायब्रिड आली, तर वर्षाचा खप १,५०० लिटरवरून ७५० वर येतो. शेजाऱ्यानं १८ देणारी छोटी गाडी देऊन २४ देणारी घेतली, तर त्याचे वाचतात फक्त १६७ लिटर. शेजाऱ्याचा २४ हा आकडा दिमाखदार दिसतो. बचत मात्र सेडानवाल्याची साडेचारपट. एक लिटर पेट्रोल जळालं, की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे ७५० लिटरमागे वर्षाला १,७०० किलोहून अधिक.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. इंधन वाचवण्याची चर्चा आपण कायम छोट्या गाडीवाल्याशी करतो. ती आधी मोठ्या गाडीवाल्याशी व्हायला हवी. ऐपत त्याची आहे, खपही त्याचा आहे आणि बदलाचं फळही त्याच्याच हाती सर्वांत मोठं लागतं.

निर्णय मात्र डोळसपणे घ्यावा. जाहिरातीतली प्रत्येक 'हायब्रिड' खरी हायब्रिड नसते. 'माइल्ड हायब्रिड'मध्ये छोटी मोटार इंजिनाला नुसता हातभार लावते. एकटीनं गाडी चालवत नाही. तेव्हा विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: इंजिन बंद ठेवून ही गाडी चालते का? नवी गाडी घडवतानाही कित्येक टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तुमची सेडान महिन्यातून चारदाच बाहेर निघत असेल, तर तीच जपून वापरा. आणि हायब्रिड अखेर पेट्रोलवरच चालते, याचा विसर नको. घरी चार्जिंगची सोय असेल, तर विजेची गाडी तिच्याही पुढचं पाऊल आहे.

आज घरी गेल्यावर एवढं करा. वर्षभरात गाडी किती किलोमीटर धावली ते बघा, त्याला ॲव्हरेजनं भागा आणि येणारे लिटर कागदावर लिहा. तो आकडा हजाराच्या वर गेला आणि तुमचं बरंचसं धावणं शहरातलं असेल, तर पुढची गाडी निवडताना हायब्रिडचा विचार सर्वांत आधी करा.