फाइलची प्रत काढताना हक्कांचे काय?

संगणकावरील फाइलची प्रत काढली की तिच्यातील मजकूर जसाच्या तसा उतरतो. मात्र ती फाइल कोणी वाचावी आणि कोणी बदलावी, याचे नियम मजकुरासोबत आपोआप येत नाहीत. ‘सी’ भाषेत प्रोग्राम लिहिणाऱ्याला ते स्वतंत्रपणे उतरवावे लागतात.

युनिक्सच्या मूळ पद्धतीत परवानग्यांचे वाटेकरी तीनच: मालक, त्याचा गट आणि इतर सर्व. कार्यालयाचे पगारपत्रक गटापासून दूर ठेवून, गटाबाहेरच्या एकाच लेखापरीक्षकाला वाचू द्यायचे असेल, तर ही विभागणी अपुरी पडते. ही उणीव ‘अॅक्सेस कंट्रोल लिस्ट’, अर्थात प्रवेश-नियंत्रण यादी भरून काढते. तिच्यासाठीचा पॉसिक्स प्रमाणकाचा प्रस्ताव मसुद्याच्या टप्प्यावरच मागे घेण्यात आला. तरीही त्याच मसुद्याच्या आधारे २००२ साली ही सोय लिनक्सच्या मुख्य कर्नेलमध्ये दाखल झाली.

खरी मेख पुढेच आहे. यादी असलेल्या फाइलच्या नेहमीच्या परवानग्यांत गटाच्या जागी गटाचे हक्क नसून ‘मास्क’ असतो. नावानिशी नोंदलेल्या व्यक्ती आणि सर्व गट यांना मिळू शकणाऱ्या हक्कांची ती कमाल मर्यादा होय. आपल्या उदाहरणात गटाला कोणताच हक्क नाही, पण लेखापरीक्षकासाठी मास्कमध्ये वाचनाची मुभा असल्याने परवानगी ०६४० अशी दिसते. प्रोग्रामने केवळ हा आकडा नव्या फाइलला लावला, तर तेथे यादी नसल्यामुळे तो थेट गटालाच लागू होतो. म्हणजे साऱ्या गटाला पगारपत्रक खुले आणि लेखापरीक्षकाला मात्र दार बंद!

म्हणून क्रम महत्त्वाचा. नवी फाइल प्रथम ०६०० या परवानगीने, म्हणजे केवळ मालकासाठी उघडावी. मजकूर उतरवून मालकी निश्चित करावी. त्यानंतर ‘एसीएल_गेट_एफडी’ने मूळ यादी वाचावी, ‘एसीएल_सेट_एफडी’ने ती प्रतीला लावावी आणि ‘एसीएल_फ्री’ने मेमरी मोकळी करावी. फोल्डरला नव्या फाइलींसाठी आणखी एक ‘डिफॉल्ट’ यादी असू शकते. तिच्यासाठी ‘एसीएल_गेट_फाइल’ आणि ‘एसीएल_सेट_फाइल’ वापरावे लागते.

प्रत्येक टप्प्यावर उत्तर तपासणे अनिवार्य. यादी लावता आली नाही, तर प्रत ०६०० वरच ठेवून वापरकर्त्याला तसे कळवावे. आणखी एक सावधगिरी: यादीत व्यक्तीचे नाव नव्हे, तर क्रमांक साठवलेला असतो. दुसऱ्या संगणकावर तोच क्रमांक भलत्याच व्यक्तीचा असू शकतो.