चलाचे स्वरूप आणि कसोटीची निवड

ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यात बोलींचे दर्शन मुख्यतः नमुना-उताऱ्यांवरून घडते. आजचा अभ्यासक अनेक वक्त्यांच्या नोंदी घेतो. तेव्हा आढळलेला फरक खरा की योगायोगाचा, याचा निर्णय त्यास संख्याशास्त्रीय कसोटीने करावा लागतो. ती कसोटी कोणती, हे प्रथमतः चलाच्या स्वरूपावरून ठरते.

उदाहरणादाखल अहिल्यानगर जिल्ह्यातील सह्याद्रीलगतचा अकोले आणि बीडला लागून असलेला जामखेड हे तालुके घेऊ. वक्ता ‘पाणी’ म्हणतो की ‘पानी’, हे नामदर्शक चल होय. येथे मोजदाद करता येते, सरासरी काढता येत नाही. समजा, प्रत्येकी ४० वक्त्यांपैकी एकीकडे २८ व दुसरीकडे १६ जणांनी ‘पानी’ म्हटले. कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली मांडलेल्या काय-वर्ग कसोटीने ७.२७ हे मूल्य येते. पाच टक्के पातळीवरील ३.८४ या मर्यादेहून ते अधिक असल्याने हा फरक निव्वळ योगायोगाचा मानणे कठीण आहे. अपेक्षित संख्या पाचाहून कमी भरल्यास फिशर यांची अचूक कसोटी घ्यावी.

एखाद्या वाक्याची ग्राह्यता पाच पायऱ्यांवर ठरविली, तर चल क्रमदर्शक होते. पायऱ्यांमधील अंतरे समान असल्याची खात्री नसल्याने तेथे मान-व्हिटनी कसोटी योग्य. स्वराचा कालावधी मिलिसेकंदांत मोजल्यास चल संख्यात्मक असते. मूल्यांचे वितरण फार विषम नसेल तर दोन गटांसाठी टी-कसोटी, अधिक गटांसाठी विचरण-विश्लेषण उपयोगी पडते.

या सर्व कसोट्यांना निरीक्षणांच्या स्वतंत्रतेची अट लागू आहे. वरील ४० नोंदी चारच वक्त्यांच्या प्रत्येकी दहा उच्चारांच्या असत्या, तरी मूल्य ७.२७ हेच आले असते. परंतु त्यावरून निष्कर्ष काढता आला नसता, कारण एकच वक्ता सवयीने तोच उच्चार पुनःपुन्हा करतो. अशा वेळी वक्त्यागणिक प्रमाण काढून तुलना करावी; चार वक्ते मात्र त्यासाठीही अपुरेच होत. अन्यथा चौघांची लकब तालुक्याची बोली म्हणून नकाशावर उमटते आणि पुढील अभ्यासक त्या रेषेस बोलीसीमा समजतो.

संगणक दिलेल्या आकड्यांवर सांगितलेली कसोटी चालवितो. ते आकडे किती जणांच्या मुखातून आले, हे तो विचारीत नाही. यास्तव काय मोजावयाचे व किती वक्त्यांकडून, हे अभ्यासकाने प्रश्नावली आखतानाच निश्चित करावे.